वचन घरात आहे, पण कानावर येते का?

भिंगारकर

सर्वांना सलाम.

आमच्या नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांमध्ये दिवेलागणीनंतरची कौटुंबिक प्रार्थना ही ठरलेली गोष्ट असे. 'उपासना संगीता'तले एक गीत, एक शास्त्रपाठ, घरातल्या कोणा वडीलधाऱ्याची प्रार्थना आणि शेवटी सर्वांनी मिळून म्हटलेली प्रभूची प्रार्थना, एवढाच तिचा आराखडा होता. तिला पाळकांची गरज नव्हती आणि पाहुणे आले तरी ती चुकत नसे. उलट पाहुण्यालाच वाचायला सांगत. आता परिस्थिती अशी आहे की घरात पवित्र शास्त्राच्या प्रती पूर्वीपेक्षा अधिक आहेत, प्रत्येकाच्या फोनमध्ये ॲप आहे, रोज सकाळी मंडळीच्या गटावर वचन येते, आणि तरीही घरात शास्त्राचा शब्द कोणाच्या तोंडून ऐकू येत नाही.

माझे मत थोडक्यात मांडतो. एकट्याने, मनातल्या मनात, वार्षिक तक्त्याप्रमाणे केलेले वाचन चांगलेच आहे, पण वचन घरात राहण्यासाठी ते पुरेसे नाही. शास्त्र दुसऱ्याला ऐकू जाईल असे वाचले गेले तरच ते घराचे होते. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा पाणीवेशीसमोरच्या चौकात पहाटेपासून दोन प्रहरपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि स्त्री-पुरुष व समजू शकतील असे सगळे ते उभे राहून ऐकतात. तिथे प्रत्येकाच्या हातात गुंडाळी नव्हती.

ज्या घरात माणसे वेगवेगळ्या वेळी परततात, तिथे तुम्ही प्रत्यक्षात काय करता, हे जाणून घ्यायचे आहे. 'वेळ काढला पाहिजे' एवढाच प्रतिसाद कृपया नको. तो आम्हाला दर रविवारी मिळतो.

तक्तेवाला

वार्षिक तक्त्याला इतक्या सहज बाजूला सारू नये, असे मला वाटते. प्रोटेस्टंट बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन-चार वाचले तर वर्षात संपूर्ण शास्त्र डोळ्यांखालून जाते. तक्त्याचा खरा उपयोग असा की तो आपल्या आवडीनिवडीला लगाम घालतो. तक्ता नसेल तर माणूस स्तोत्र २३, योहान ३ आणि १ करिंथ १३ या त्रिकोणातच आयुष्यभर फिरत राहतो आणि हबक्कूक नावाचा संदेष्टा होऊन गेला, हे त्याला सत्तरीतही ठाऊक नसते.

स्कॉटलंडचे पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ च्या अखेरीस आपल्या मंडळीसाठी जो तक्ता केला, तो आजही जगभर वापरला जातो. त्यात वर्षभरात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा होतात. (त्याच वर्षी नगरला 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झाले, हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.) भिंगारकरांच्या लक्षात आणून द्यावेसे वाटते की मॅकशेन यांच्या तक्त्यात रोजचे दोन पाठ कुटुंबात एकत्र वाचण्यासाठी आणि दोन एकांतासाठी होते. म्हणजे तक्ता आणि कौटुंबिक वाचन यांत वैर नाही.

अडचण आहे ती वेगळीच. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० अध्याय संपेपर्यंत जानेवारी सरतो आणि फेब्रुवारीच्या तोंडावर लेवीय लागते. बहुतेकांचा नववर्षाचा संकल्प तिथेच, होमार्पणाच्या नियमांपाशी, विश्रांती घेतो.

खडीसाखर

लेवीयात अडकलेल्यांची एक स्वतंत्र मंडळी स्थापन करावी. सभासदसंख्येत ती महाराष्ट्रात सर्वांत मोठी ठरेल.

निर्मळतळे

आम्ही वसईचे कॅथलिक, त्यामुळे तक्ता शोधण्याचा प्रश्न आमच्यापुढे कधी आलाच नाही. तो चर्चनेच दिला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ मध्ये वाचनांचा जो नवा क्रम ठरला, त्यात रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात आणि इतर दिवसांची दोन वर्षांच्या चक्रात लावलेली आहेत. एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान मुख्यतः उपवासकाळात व पुनरुत्थानकाळात. आज वसईतल्या चर्चमध्ये जे वाचले जाते तेच मनिलामध्येही वाचले जाते, ही जाणीव मला लहानपणापासून फार मोठी वाटत आली आहे.

तरीही भिंगारकरांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ऐकलेले वाचन चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत टिकत नाही, असा अनुभव अनेकांचा असेल. आमच्या धर्मग्रामात ज्यांना रविवारी वाचन करायचे असते, त्यांना आदल्या आठवड्यातच उतारा दिला जातो, आणि माझ्या मते खरा फायदा त्यांचाच होतो. माझी धाकटी बहीण थेस्सलनीकाकरांस पत्र वाचणार होती तेव्हा ती भाकरी थापता थापता तो उतारा म्हणत होती, आणि आई घरात कादोडी व चर्चमध्ये मराठी अशा सवयीची असल्यामुळे मध्येच थांबवून 'म्हणजे काय, आपल्या बोलीत सांग' असे विचारत होती. त्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांना तो उतारा पाठ झाला. म्हणून माझा उपाय साधा आहे: घरातल्या एकाला वाचकाचे काम घ्यायला लावा. तयारी आपोआप सगळ्या घराची होते.

जपमाळेबद्दलही एक सांगते. पुष्कळ प्रोटेस्टंट मित्रांना ती शास्त्राबाहेरची वाटते, पण तिच्यातली बहुतेक रहस्ये, म्हणजे मनन करायचे विषय, शुभवर्तमानातले प्रसंगच आहेत आणि 'नमो मारिया' या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग लूकच्या पहिल्या अध्यायातून आलेला आहे.

भिंगारकर

निर्मळतळे, वाचकाची कल्पना फार उपयोगी आहे. आमच्याकडे पाळकसाहेब उपासनेच्या दिवशी सकाळी कोणालातरी खुणेने बोलावतात आणि तो बिचारा चष्मा शोधत शोधत यशया उघडतो. जपमाळेवर इथे वाद नको, त्यासाठी जुने दोन धागे आहेत आणि दोन्हींना कुलूप लागलेले आहे.

तक्तेवाला, मॅकशेन यांच्या कौटुंबिक पाठांची माहिती महत्त्वाची आहे. आपण त्यांच्यातला एकांताचा भाग उचलला आणि कुटुंबाचा सोडला, असे दिसते.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. या धाग्यात 'मोठ्याने', 'घरी' आणि 'सगळे मिळून' हे शब्द वारंवार येत आहेत, म्हणून एक आक्षेप नोंदवते. पाळीने काम करणाऱ्या माणसाला 'दिवेलागण' असा ठरलेला वेळच नसतो. माझे सहकारी बहुतेक बिगर-ख्रिस्ती आहेत, शेजारच्या खाटांवर झोपलेले रुग्ण आहेत, आणि मोठ्याने वाचणे तिथे शक्य नाही व योग्यही नाही.

माझी पद्धत अशी आहे. एका वेळी एकच छोटे स्तोत्र घेते आणि ते पाठ होईपर्यंत दुसऱ्याकडे जात नाही. ओळखपत्राच्या प्लास्टिकच्या पाकिटात मागच्या बाजूला ते हाताने लिहिलेल्या कागदावर ठेवलेले असते. सध्या स्तोत्र १३४ आहे. अवघ्या तीन वचनांचे ते स्तोत्र रात्री परमेश्वराच्या घरात उभे राहणाऱ्या सेवकांना उद्देशून आहे. पहाटे चारच्या सुमारास, सलाइनचा वेग तपासून परत येताना ते मनात म्हणते. त्या मजकुराने रात्रपाळीच्या माणसाला इतक्या थेटपणे हाक मारलेली आहे, हे मला मंडळीत कोणी कधी सांगितले नव्हते.

म्हणून माझ्या अनुभवात पाठांतर हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. फोनची बॅटरी संपते आणि पुस्तक लॉकरमध्ये राहते.

शब्बाथशाळा_माजी

रात्रपाळी यांच्याशी पूर्ण सहमत. आमच्या शब्बाथशाळेत दर आठवड्याला एक वचन पाठ करून घेत आणि नाताळच्या बक्षीस समारंभात त्याची परीक्षा होई. त्या वेळी आम्ही पेन्सिलबॉक्ससाठी पाठ केले, हे मान्य आहे. पण वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा जे ओठांवर आले, ते त्याच पेन्सिलबॉक्सच्या काळातले होते. हेतू शुद्ध नव्हता म्हणून वचन परत गेले नाही.

उंबरठा

आता थोडा कडू प्रतिसाद देतो. वचन 'समोर' ठेवण्याची आपली बरीचशी धडपड ही सजावट आहे. दिवाणखान्यात 'ख्रिस्त या घराचा मस्तक आहे, प्रत्येक भोजनाच्या वेळी अदृश्य पाहुणा' अशी पाटी जवळपास प्रत्येक मराठी ख्रिस्ती घरात असते. ती बायबलमध्ये नेमकी कुठे आहे, हे एकदा घरातल्यांना शोधायला सांगावे. ती कुठेच नाही. सुंदर विचार आहे, पण शास्त्रवचन नव्हे.

दुसरे उदाहरण यिर्मया २९:११. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, हे वचन दहावीच्या निकालापासून गृहकर्जाच्या मंजुरीपर्यंत सर्वत्र पाठवले जाते. ते पत्र आहे बाबेलात बंदिवासात नेलेल्या लोकांना. आदल्याच वचनात सत्तर वर्षे थांबावे लागेल असे सांगितले आहे, म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परतण्याआधीच मरणार होते. त्याआधी, पाचव्या ते सातव्या वचनांत, त्यांना घरे बांधा, मळे लावा, लग्ने करा आणि ज्या शत्रूच्या नगरात आहात त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा, असे सांगितले आहे. हा भाग गुलाबाच्या चित्रावर छापून मी कधी पाहिलेला नाही. वचन रोज डोळ्यांसमोर आहे आणि तरीही ते वाचलेले नाही, अशी ही अवस्था आहे.

वचनपेटी

उंबरठा यांचा मुद्दा बरोबर आहे, पण सूर जरा जास्त कडक झाला. आमच्या घरी वचनांची पेटी आहे. छोट्या गुंडाळ्या असतात आणि सकाळी चहाच्या वेळी प्रत्येक जण चिमट्याने एक उचलतो. संदर्भ तुटतो, हे खरे. मात्र गुंडाळीवर अध्याय-वचन दिलेले असते आणि आमच्या सासूबाईंचा दंडक असा आहे की ज्याने उचलले त्याने शास्त्र उघडून त्याच्या आधीची पाच व नंतरची पाच वचने वाचायचीच. मुलांनी त्यावर तोडगा काढला होता: स्तोत्र ११७ उचलायचा प्रयत्न करायचा, कारण त्यात दोनच वचने आहेत. सासूबाईंनी मग स्तोत्र ११६ आणि ११८ दोन्ही वाचून घेतले.

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षासाठी वचन काढण्याची पद्धतही अनेक मंडळ्यांत आहे. तिच्यावर टीका होते, पण त्या एका वचनाच्या निमित्ताने लोक तो सगळा अध्याय तरी वाचतात.

खडीसाखर

पेटीतून आमोस ५:२१ कोणाला निघाल्याचे ऐकिवात नाही. 'तुमच्या उत्सवांचा मी द्वेष करतो' हे नववर्षाचे वचन म्हणून फ्रेम करून घ्यायला मी तयार आहे, फक्त ते मंडळीच्या सभागृहात लावायची परवानगी मिळवून द्यावी.

कडूनिंब

मी हा धागा दोन दिवस वाचते आहे आणि लिहावे की नाही असा विचार करत होते. शास्त्र रोज मोठ्याने वाचले जाणे ही आपोआप चांगलीच गोष्ट आहे, असे सगळे गृहीत धरत आहेत. माझ्या सासरी रोज वाचन होत असे. वाचणारा नेहमी एकच असे आणि उतारा निवडणाराही तोच. आदल्या दिवशी माझ्याकडून काही विरोध झाला असेल तर दुसऱ्या दिवशी इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय निघे, तोही बाविसाव्या वचनापासून. एकविसावे वचन, ज्यात सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावे असे सांगितले आहे, मी त्या घरात एकदाही ऐकले नाही. आणि पंचविसाव्यापासून पतींना उद्देशून जो त्याहून लांब भाग आहे, तिथपर्यंत वाचन कधी पोहोचले नाही.

मत्तयच्या चौथ्या अध्यायात सैतानही स्तोत्र ९१ मधलेच वचन म्हणून दाखवतो. तेव्हा घरात शास्त्र ऐकू येते का, याच्याबरोबर ते कोण वाचतो आणि उतारा कोण ठरवतो, हेही विचारायला हवे. निर्मळतळे यांच्या पद्धतीत ही अडचण येत नाही, कारण तिथे उतारा घरातल्या कोणाच्याच हातात नाही.

तक्तेवाला

कडूनिंब, तुम्ही लिहिलेत हे फार बरे केले. तक्त्याच्या बाजूने मी जे म्हणालो होतो त्याला तुमच्या अनुभवाने अधिक गंभीर कारण मिळाले आहे. मी केवळ आवडीनिवडीचा विचार करत होतो. उतारा निवडण्यात सत्ता असते. क्रमाने वाचायचे ठरले की एकविसावे वचन बाविसाव्याच्या आधी येणारच. आमच्याकडे वाचणाराही रोज बदलतो आणि आठवीतल्या मुलालाही आपली पाळी असते.

आळंदीकडचा

मी ख्रिस्ती नाही, पण हा धागा आवडीने वाचतो आहे. आमच्या घरी हरिपाठ रोज म्हटला जातो आणि तो म्हणताना कोणी पुस्तक उघडत नाही. चालीत बसलेले असल्यामुळे ते आपोआप पुढे सरकते. तुमच्याकडे गद्य वाचनावर एवढा भर का आहे, असा प्रामाणिक प्रश्न पडला. पद्य नाही का?

टाळकरी

आळंदीकडचा, प्रश्न अगदी मर्मावर आहे. पद्य भरपूर आहे आणि त्याचा मोठा भाग तुमच्याच अंगणातून आलेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांनी भजने, अभंग आणि कीर्तन हे प्रकार उपासनेत आणले आणि आज नगर, संगमनेर, जालना या भागांतल्या खेड्यांत जे गायले जाते त्यावर त्यांचा ठसा आहे. ख्रिस्ताच्या जीवनावरचे त्यांचे काव्य 'ख्रिस्तायन' त्यांच्या हातून अपुरे राहिले; १९१९ मध्ये ते गेले आणि पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेतले.

त्या काळी मिशनच्या बायबलबाई घरोघर जात. ज्या स्त्रियांना अक्षरओळख नव्हती त्यांना त्या कथा सांगत, वचने म्हणवून घेत आणि गाणी शिकवत. आमच्या वाडीतल्या एका आजींना वाचता येत नव्हते, पण उधळ्या पुत्राचा दाखला त्या भजनातून ओळीने सांगत, आणि संडे स्कूलच्या ताईंनी कथेत नसलेली भर घातली की 'हे लूकमध्ये न्हाई' असे मागून ऐकू येई. तेव्हा भिंगारकरांच्या वाचनाला मी गायनाची जोड देईन. उपासनेत पेटी-तबला-टाळ मागे पडून की-बोर्ड आला, याबद्दल तक्रार नाही. पण नव्या गाण्यांत एकच ओळ आठ वेळा येते आणि कथा येतच नाही. जुन्या भजनांत अख्खा अध्याय बसवलेला असे.

सासष्टीकर

टाळकरींच्या प्रतिसादावरून थोडे अवांतर, पण विषयाला धरूनच. हे काम टिळकांच्याही तीनशे वर्षे आधी आमच्याकडे झाले होते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांनी गोव्यात सासष्टीतल्या रायतूर येथे 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ मध्ये ते छापले गेले आणि जवळपास अकरा हजार ओव्यांत त्यात उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा आहे. ते एकट्याने वाचण्यासाठी नव्हते, चर्चमध्ये आणि घरांत म्हणण्यासाठी होते. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले, आणि सतराव्या शतकातल्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही १९०७ मध्ये मंगळूरला नवी आवृत्ती निघू शकली, ती लोकांनी हाताने उतरवून जपलेल्या पोथ्यांच्या आधारावर. छापील प्रत गेली आणि म्हणणाऱ्यांच्या घरातली पोथी राहिली, हे या धाग्यावर नोंदवण्याजोगे आहे.

रेवदंडा_किनारा

अवांतराला अवांतर जोडतो. आमच्या शेजारी एक बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, कुटुंब राहत असे, आमच्यासारखेच मराठी बोलणारे. त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा होती, म्हणजे एक लहानशी तिरपी डबी, आणि तिच्यात चर्मपत्रावर हाताने लिहिलेले, शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकातले ६:४-९ व ११:१३-२१ हे उतारे. घरात जाता-येताना ते तिला हात लावत आणि बोटे ओठांना लावत. ज्या उताऱ्यात 'ही वचने दारांच्या चौकटींवर लिही' अशी आज्ञा आहे, तोच उतारा तिथे लिहिलेला असतो.

उंबरठा यांनी पाट्यांना सजावट म्हटले आणि बहुतेक वेळा ते खरे असेलही. पण डबीत बंद असलेला, कोणाला न दिसणारा मजकूर भिंतीवरच्या मोठ्या पाटीपेक्षा अधिक पाळला जाताना मी पाहिला आहे. त्याच उताऱ्यात मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसता, वाटेने चालता, निजता आणि उठता त्यांविषयी बोलत जा, असेही आहे. म्हणजे चौकटीवर लिहिणे हे सगळ्यांत शेवटी येते, बोलणे आधी.

उंबरठा

रेवदंडा, हे मान्य. माझे भांडण पाटीशी नाही, पाटीवर काम भागवण्याशी आहे.

बर्फाळ_देश

आम्ही कॅनडात राहतो. मुलांना मराठी कळते, बोलता येते, पण देवनागरी वाचता येत नाही. इंग्रजी बायबल त्यांच्या शाळेच्या भाषेत असल्यामुळे ते वाचतात, पण मग आजी-आजोबांशी त्याविषयी बोलता येत नाही, कारण एकाच्या तोंडी दुसऱ्याच भाषेतली वचने असतात.

आम्ही बसवलेली व्यवस्था अशी. शनिवारी सकाळी, म्हणजे तिकडे संध्याकाळी, श्रीरामपूरहून आजोबा व्हिडिओ कॉलवर मराठीतून एक प्रसंग वाचतात आणि मुलांनी तो लगेच आपल्या शब्दांत त्यांना परत सांगायचा. मार्कचे शुभवर्तमान यासाठी सर्वांत सोयीचे आहे, कारण त्यात प्रसंग लहान व वेगवान आहेत. सगळे पुस्तक सलग वाचले तरी दीड तासात होते. मुले परत सांगताना जे निसटते त्यावर आजोबा प्रश्न विचारतात. पक्षाघाती माणसाला छप्पर उसकटून खाली सोडल्याच्या प्रसंगात धाकट्याने विचारले की छप्पर नंतर कोणी शाकारले. आजोबा पत्र्याच्या घरात वाढलेले, त्यांनी त्यावर इतका वेळ विचार केला की पुढच्या आठवड्याचा कॉल त्याच प्रश्नाने सुरू झाला.

केडगावकरीण

भाषेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे ज्या कामाला दिली ते हेच होते: इब्री आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणणे. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळे झाले होते आणि १९२४ मध्ये ते त्यांच्या केडगावच्या मुक्ती आश्रमाच्याच छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळवणाऱ्या त्या आश्रमातल्याच स्त्रिया होत्या. ज्या बाईने दिवसभर एकेक अक्षर उलटे जुळवून स्तोत्रसंहितेचे पान बांधले असेल, तिला वचन रोजच्या जीवनात कसे आणावे, असा प्रश्न पडला नसावा.

हाताने लिहिण्याचा उपाय म्हणूनच सुचवते. आमच्या महिला मंडळात प्रत्येकीने एकेक पुस्तक वहीत उतरवायला घेतले आहे. माझ्याकडे याकोबाचे पत्र आले. पाचच अध्याय आहेत, पण 'वचनाप्रमाणे आचरण करणारे व्हा, केवळ ऐकणारे असू नका' हे वाक्य हाताने लिहिताना ते घाईने ओलांडता येत नाही.

कडूनिंब

केडगावकरीण, वहीची कल्पना मी घेते आहे. मला पुन्हा कोणाकडून वाचून घ्यायचे नाही, आणि एकटीने नुसते वाचताना लक्ष लागत नाही.

शब्बाथशाळा_माजी

एक व्यावहारिक सूचना. प्रेषितांची कृत्ये, अध्याय आठ. तो कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचत होता आणि फिलिप्पाला ते ऐकू आले, म्हणजे तो एकटा असूनही मोठ्याने वाचत होता. फिलिप्पाने 'तुम्हाला समजते का' असे विचारले आणि उत्तर आले, कोणी सांगितल्याशिवाय कसे समजेल. एकांत, मोठ्याने वाचणे आणि दुसऱ्याची सोबत, या धाग्यावर ज्यांच्यावरून मतभेद झाले ते तिन्ही एकाच प्रसंगात आहेत. म्हणून घरात प्रश्न विचारण्याची मोकळीक हवी. आमच्याकडे वाचन झाल्यावर मोठ्यांनी समजावून सांगायचे नाही, आधी मुलांनी प्रश्न विचारायचा, असा नियम केल्यापासून वाचन लांबते, पण टाळले जात नाही.

भिंगारकर

सर्वांचे आभार. मूळ प्रश्न वेगवेगळ्या वेळी परतणाऱ्या घराचा होता, तर आमच्याकडे काय ठरले ते सांगतो. रोजचा आग्रह सोडून आम्ही रविवार आणि बुधवार असे दोन दिवस घेतले आहेत, जेवणाच्या ताटांवरूनच. वाचणारा पाळीने बदलेल, पुस्तक क्रमाने होईल आणि उतारा कोणी निवडणार नाही. हा बदल कडूनिंब यांच्यामुळे केला. मुलगी दुसऱ्या पाळीला असते, ती बुधवारी नसते. तिच्यासाठी धाकटा वाचन फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवणार आहे. रात्रपाळी यांच्या पाठांतराला पत्नीने उचलून धरले आहे. सुरुवात रूथच्या पुस्तकाने, कारण चारच अध्याय आहेत आणि त्यात दुष्काळ, स्थलांतर, सासू-सून व सुगी असे सगळे आपल्या ओळखीचे आहे. कोणाला आपापल्या घरी बरोबरीने वाचायचे असेल तर येत्या रविवारी पहिला अध्याय.

बर्फाळ_देश

आम्ही आहोत. शनिवारचा कॉल रविवारवर नेतो. आजोबांना रूथच्या सासूची, नामीची, भूमिका द्यावी लागेल, ते तयार आहेत.

वचनपेटी

आम्हीही येतो. सासूबाईंनी विचारले आहे की सून-सासूचे पुस्तक मुद्दाम निवडले का.

खडीसाखर

माझेही नाव लिहा. फक्त तिसऱ्या अध्यायात रूथ रात्री खळ्यावर जाऊन शेतमालक बवाजाच्या पायांवरचे पांघरूण काढते, त्यावर शब्बाथशाळा_माजी यांच्या नियमाप्रमाणे आधी मुलांनी प्रश्न विचारायचे आहेत. त्या दिवशी कोणाची पाळी येते ते आत्ताच पाहून ठेवावे.